मिठाच्या रस्त्यांवर गाडी टिकवायची असेल तर: ऑइल अंडरकोटिंगची पायरी-पायरीने कृती

टोरोंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन भागात नव्याने आलेली मराठी मंडळी गाडी घेताना मायलेज बघतात, ॲक्सिडेंट झालाय का विचारतात, विंटर टायर सोबत मिळतील का यावर घासाघीस करतात. गाडीखाली वाकून मात्र फारसं कोणी बघत नाही. आणि ओंटारिओत गाडी मरते ती बहुतेक वेळा खालूनच. इंजिन ठणठणीत, गिअर व्यवस्थित, पण ब्रेक लाइन (ब्रेकचं तेल नेणारी नळी) सडली, मागच्या सबफ्रेमला (मागची चाकं आणि सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीला) भोक पडलं, की मेकॅनिक हात वर करतो.

कारण मीठ. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत इथल्या रस्त्यांवर मीठ पडत असतं. साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मिसळतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणजे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीच्या सांदीकोपऱ्यात चिकटलेला थर ओलाच राहतो आणि पत्रा खात राहतो. गंमत म्हणजे गाडी ऊबदार गॅरेजमध्ये ठेवली तर गंज आणखी जोरात चढतो. बाहेर गोठलेला खारट चिखल आत वितळतो आणि उष्णतेने रासायनिक क्रियेला वेग येतो.

यावर इथले जुनेजाणते लोक दरवर्षी गाडीखाली तेलाचा फवारा मारून घेतात. तो कसा, कधी, कुठे आणि मुख्य म्हणजे कुठे नाही, हे खाली सांगतो.

१. आधी गाडीखाली वाका

मोबाइलचा टॉर्च, एक जुना पुठ्ठा आणि एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. पुठ्ठ्यावर आडवे होऊन या जागा बघा: चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, दाराखालचे पोकळ रॉकर पॅनेल, मागची सबफ्रेम, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे, टाकीच्या वरून जाणाऱ्या ब्रेक आणि फ्युएल लाइन, आणि डिकीच्या दाराची खालची शिवण.

तांबूस पूड दिसली तर घाबरू नका, तो वरवरचा गंज. पापुद्रे सुटत असतील तर काम वेळेवर आलंय असं समजा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला थप्प असा बसका आवाज देतो आणि खाली मातकट भुगा पडतो. भोक पडलं असेल तर तेलाने काही होणार नाही, तिथे वेल्डिंगच लागतं. आणि वेल्डिंग करायचं असेल तर ते तेलाच्या आधी उरका. तेल मारलेल्या पोकळीवर वेल्डिंगची ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. पुढे कधीही वेल्डिंगची वेळ आली तर मेकॅनिकला आत तेल आहे हे न विसरता सांगा.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना हे सगळं पैसे देण्याआधी करा. ओंटारिओत जुनी गाडी आपल्या नावावर करून रस्त्यावर आणायला सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट लागतं. भार पेलणाऱ्या भागाला भोक असेल किंवा ब्रेक लाइन गंजून कमकुवत झाली असेल तर गाडी त्यात नापास होते. पण सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं. पुढच्या हिवाळ्याची हमी ते देत नाही.

२. तेलच का, काळं डांबरासारखं कोटिंग का नको

बाजारात ढोबळमानाने तीन गोष्टी विकल्या जातात.

पहिली, रबराइज्ड किंवा डांबरी कोटिंग. वाळून कडक, काळंभोर, दिसायला एकदम झकास. कोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर ठीक आहे. पण वापरातल्या गाडीवर मारलं की काही वर्षांत त्याला बारीक तडे जातात, खारं पाणी आत शिरतं आणि कोटिंगखाली अडकून बसतं. वरून काळं कुळकुळीत, आतून पोखरलेलं. सेकंडहँड गाडीच्या तळाला ताजं काळं कोटिंग दिसलं तर मला आधी संशय येतो: काय झाकलंय?

दुसरी, इलेक्ट्रॉनिक डबी. नवी गाडी घेताना फायनान्सच्या टेबलावर हिची शिफारस होते. बॅटरीला जोडायची, विजेने गंज थांबतो म्हणे. हे तंत्र जहाजं आणि जमिनीतल्या पाइपलाइनवर चालतं, कारण तिथे धातू सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतो. हवेत धावणाऱ्या गाडीत तो विद्युतमार्गच पूर्ण होत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकात अशाच एका उपकरणाच्या दाव्यांवर कारवाई केली होती. नम्रपणे नको म्हणा.

तिसरी, न वाळणारं तेल. हे कधीच कडक होत नाही, म्हणून तडे जात नाहीत. शिवणींत झिरपतं, असलेल्या गंजातही शिरतं आणि पाणी व हवा दोन्ही बाहेर ठेवतं. तोटे उघड आहेत: ठिबकतं, वास येतो, धूळ धरते, आणि दरवर्षी पुन्हा मारावं लागतं. एकदा केलं की जन्माची निश्चिंती असं तेलाच्या बाबतीत कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तेलातही दोन जाती आहेत. क्राउन आणि रस्ट चेक या कॅनडातल्या कंपन्यांचं तेल पातळ असतं आणि मुख्यतः त्यांच्या दुकानांतून मारलं जातं. फ्लुइड फिल्म आणि वूलवॅक्स हे लॅनोलिनवर, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणावर आधारलेले. फ्लुइड फिल्मची सुरुवात १९४०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्या (जहाज स्थिर ठेवण्यासाठी पाणी भरतात त्या) गंजापासून वाचवण्यासाठी झाली. वूलवॅक्स त्याहून दाट. वास? कोऱ्या घोंगडीला येतो तसा. काहींना आवडतो, आमच्या घरात आवडत नाही.

माझं मत असं: पोकळ्यांमध्ये पातळ तेल, उघड्या भागांवर दाट. पातळ तेल उघड्यावर पहिल्या दोन-तीन पावसांत धुपतं, आणि दाट मेण शिवणीच्या आत पोचतच नाही.

आता एक इशारा, खास आपल्या लोकांसाठी. कोकणात आणि देशावरही जीपच्या, ट्रकच्या चासीला जळकं ऑइल फासण्याची जुनी रीत आहे. इथे ते करू नका. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू आणि आम्लं असतात, त्वचेला ते घातक असतं. शिवाय ते ठिबकून रस्त्याकडेच्या गटारात गेलं की थेट ओढ्यात आणि तिथून ऑन्टारिओ सरोवरात जातं. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, आपण तेच पाणी पितो.

३. घरी की दुकानात

कॉन्डोत किंवा अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर प्रश्नच नाही, दुकानात जा. भूमिगत पार्किंगमध्ये असं काम करू देत नाहीत आणि बंद जागेत एरोसोल फवारणं धोक्याचंही आहे. बेसमेंट भाड्याने घेतलं असेल तर ड्राइव्हवेवर काम करण्याआधी घरमालकाला विचारा. इंटरलॉक विटांवर तेलाचे डाग पडले की डिपॉझिटचा विषय निघतो.

दुकानात साध्या कारला साधारण १५० ते २०० डॉलर लागतात, एसयूव्हीला आणि पिकअपला जास्त. बुकिंग करताना हे प्रश्न विचाराच:

- खालची प्लास्टिक कव्हरं काढून मारता का वरूनच?
- दारं, रॉकर पॅनेल, डिकीचं दार यांच्या आत मारता का?
- भोकं पाडता का, आणि पाडली तर कुठे?

भोकं पाडून आत फवारायचं आणि प्लास्टिकची बुचं लावायची ही इथे प्रचलित पद्धत आहे, त्यात वावगं काही नाही. पण गाडी लीजवर असेल तर आधी लीज कंपनीची लेखी परवानगी घ्या. नव्या गाडीच्या गंज-वॉरंटीची पुस्तिकाही वाचा. ती वॉरंटी बहुधा पत्र्याला आरपार भोक पडलं तरच लागू होते. वरवरच्या गंजाचं त्यात काही नसतं.

घरी केलं तर खर्च कमी येतो, पण पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी सामानातच पैसे जातात. घरी करण्याचं खरं कारण वेगळं आहे: आपण जितका वेळ एका कोपऱ्यावर घालवतो तितका दुकानातला मुलगा घालवणार नाही. ऑक्टोबरमध्ये त्याच्यामागे गाड्यांची रांग असते.

४. सामान आणि कागद

सामान:
- उतरती रॅम्प, किंवा जॅक आणि दोन जॅक स्टँड. चाकांना लावायला ठोकळे
- फ्लुइड फिल्म किंवा तत्सम तेलाचे कॅन. छोट्या गाडीला पाच-सहा लागतात. कॉम्प्रेसर आणि अंडरकोटिंग गन असेल तर गॅलनचा डबा स्वस्त पडतो, त्यातलं तीन-चार लिटर मोठ्या गाडीलाही पुरतं
- चहूबाजूंनी फवारणारं तोंड असलेली लांब लवचिक नळी. ही नसेल तर काम अर्धवटच समजा
- तारेचा ब्रश, पटाशी, १० मिलिमीटरचा पाना, प्लास्टिक क्लिप काढायचं हत्यार आणि थोड्या जादा क्लिपा
- ब्रेक क्लीनरचा एक कॅन, ॲल्युमिनियम फॉइल, प्लास्टिकच्या पिशव्या
- नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, वाफ रोखणारा मास्क, टोपी, फेकून द्यायच्या लायकीचे कपडे
- मोठे पुठ्ठे. फ्रिजचा खोका मिळाला तर उत्तम

कागद: गाडीचं मॅन्युअल, कारण जॅक कुठे लावायचा हे त्यात असतं, वॉरंटी पुस्तिका किंवा लीजचा करार, आधी कोणी कोटिंग केलं असेल तर त्याची पावती. सेकंडहँड गाडी खाजगी विक्रेत्याकडून घेतली असेल तर त्याच्याकडून मिळालेलं युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेजही याच फाइलमध्ये ठेवा. ओंटारिओत गाडी आधी कोणाच्या नावावर नोंदलेली होती हे आयतं हाताशी राहतं.

५. दिवस निवडा

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा मध्य. मीठ पडायच्या आत, आणि हवा किमान १० अंशांच्या वर असताना. थंडीत लॅनोलिन घट्ट होतं आणि नळीतून धड बाहेर येत नाही. सकाळी गार असेल तर कॅन कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. कोमट म्हणजे कोमट, उकळतं पाणी किंवा स्टोव्ह अजिबात नाही.

दोन दिवस आधी गाडी खालून धुऊन घ्या. रॉकर पॅनेलच्या आणि दारांच्या तळाशी पाणी जायला छोटी छिद्रं असतात, ती तारेने मोकळी करा. त्यातून पाणी आणि वाळू बाहेर आली तर नवल नको. आतला चिखलच पत्रा खातो. मग गाडी दोन दिवस चालवून कोरडी होऊ द्या.

६. गाडी उचला, नीट

सपाट, कडक जमीन. हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा बसवा. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड हवेत. एरोसोलमधला वायू पेट घेतो, त्यामुळे सिगारेट, हीटर, उघडा बल्ब काहीही जवळ नको, आणि गॅरेजमध्ये असाल तर शटर पूर्ण उघडं.

७. फवारणी

आधी खालची प्लास्टिक कव्हरं काढा. काही क्लिपा तुटणारच, म्हणून जादा आणायला सांगितल्या. कव्हर खाली येताना त्यावर साचलेली वाळू, वाळलेली पानं आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर येतात, चष्मा आत्ताच घाला. सुटलेले पापुद्रे पटाशीने आणि ब्रशने पाडा. लखलखीत करायची गरज नाही, जे सुटं आहे ते निघालं की पुरे.

ब्रेकची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर फॉइलने गुंडाळा.

आधी पोकळ्या, मग उघडा भाग. बहुतेक जण उलटं करतात, पोकळ्यांपर्यंत पोचेतो कॅन संपतात, आणि गाडी तर आतूनच सडते.

रॉकर पॅनेलला खालून रबरी बुचं किंवा छिद्रं असतात. नळी शेवटपर्यंत आत सारा, मग ट्रिगर दाबून *सावकाश मागे ओढा*. पाणी जायच्या छिद्रातून तेल ठिबकायला लागलं की आत पोचलं असं समजा. बुचं परत लावा, छिद्रं मात्र उघडीच राहू द्या. दारांच्या आत तळाच्या छिद्रातून नळी घाला, पण तोंड खालच्या शिवणीकडे ठेवा. वर काच आणि स्पीकर असतात. डिकीच्या दाराची खालची शिवण, बॉनेटची पुढची आतली कड, पेट्रोल भरायच्या झाकणामागची जागा, या सगळ्यांना थोडं थोडं.

मागच्या सबफ्रेमला बहुधा आरपार भोकं असतात, त्यांतून आतही मारा. टोयोटाच्या टकोमा पिकअपची फ्रेम आतून सडायची हे इथे जगजाहीर आहे. त्यावरून अमेरिकेत खटला होऊन २०१६ मध्ये टोयोटाने मोठी तडजोड केली. फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला कितीही तेल फासलं तरी आतल्या गंजावर त्याचा उपयोग शून्य, हे पिकअपवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

मग उघडा भाग. कॅन २०-३० सेंटिमीटरवर धरा, पातळ हात मारा, दहा मिनिटं थांबून दुसरा. पृष्ठभाग ओलसर चमकला पाहिजे, ओघळ आले तर जास्त झालं. ब्रेक आणि फ्युएल लाइनवर, विशेषतः टाकीच्या वर जिथे हात पोचत नाही तिथे, नळीने मारा. नट-बोल्टवरही. पुढच्या वेळी सस्पेन्शनचं काम निघालं की मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल, किंवा हात तेलकट झाले म्हणून कुरकुरेल, माझा अनुभव दोन्हीचा आहे.

कमानीचं प्लास्टिक लायनर पूर्ण काढता आलं नाही तर तीन-चार क्लिपा काढून बाजूला ओढा आणि आतल्या कडेवर मारा. इथे खारट चिखल सगळ्यात आधी घट्ट बसतो.

८. इथे मारायचं नाही

- ब्रेकची डिस्क, पॅड, ड्रम. चुकून उडालं तर डिस्क ब्रेक क्लीनरने लगेच पुसा. पॅड तेलाने भिजले असतील तर बदलाच
- सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर
- इंजिनचे पट्टे आणि पुली, अल्टरनेटर
- सस्पेन्शनचे रबरी बुश आणि दारांची रबरं. तेलाने काही प्रकारचं रबर फुगतं
- दोन दारांमधल्या खांबाची पोकळी. तिथे सीटबेल्टची यंत्रणा असते
- टायर, हे सांगायला नकोच

गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर नारिंगी केबल आणि बॅटरीच्या जोडण्यांपासून दूर राहा. खरं तर इलेक्ट्रिक गाडीचं काम घरी करूच नका, त्या गाड्यांची सवय असलेल्या दुकानात द्या.

९. पहिले दोन-चार दिवस

फॉइल काढलं याची खात्री करा. हसू नका, राहतं. मग गल्लीतच अगदी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा, आणि नंतरच मोठ्या रस्त्यावर जा. सायलेन्सरवर थोडं तेल उडालेलं असतं, ते जळेपर्यंत थोडा धूर आणि वास येईल. धूर वाढतच गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा.

एक-दोन दिवस तेल ठिबकतं. गाडीखाली पुठ्ठे पसरा. डाग पडलाच तर त्यावर मांजराच्या ट्रेमधली मातीची वाळू टाकून रगडा, रात्रभर ठेवा, झाडून घ्या. पाण्याने धुऊन गटारात सोडू नका. कोणाकडे जेवायला जायचं असेल तर गाडी त्यांच्या ड्राइव्हवेवर लावू नका. रस्त्यावर लावा आणि का ते सांगा.

१०. वर्षभर

हिवाळ्यात बर्फ वितळून रस्ते ओले झाले की खालून पाणी मारणाऱ्या कार-वॉशमध्ये अधूनमधून जा. पण हातात प्रेशर वॉशर घेऊन अगदी जवळून मारू नका, मीठ जातं तसं तेलही जातं. जानेवारीत एखादा बरा दिवस मिळाला तर पुढच्या चाकांच्या मागची जागा बघा. टायरवरून उडालेला चिखल तिथलं तेल आधी खरवडून नेतो. एका कॅनचा अर्धा तिथेच खर्च करा.

एप्रिलमध्ये गाडी खालून निवांत धुवा, फोटो काढा, तारखेसह ठेवा. दुकानातून केलं असेल तर दरवर्षीची पावती जपा. आजीवन हमी म्हणून विकलेल्या योजनांमध्ये वर्षातून ठरलेल्या मुदतीत तपासणी करून घेण्याची अट बारीक अक्षरात असते, आणि एक वर्ष चुकलं की हमी बाद. गाडी विकताना या पावत्यांची फाइल समोर ठेवली की भाव पाडणाऱ्याची बोलती बंद होते.

उरलेलं तेल वाया जात नाही. बर्फ काढायच्या फावड्यावर मारलं तर बर्फ चिकटत नाही, दारांच्या बिजागऱ्या आणि स्नोब्लोअरलाही चालतं. अर्धवट भरलेले कॅन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तुमच्या शहराच्या घातक कचरा घेणाऱ्या डेपोवर नेऊन द्या.